दत्तामित्रीचा इंद्राग्निदत्त



मुख्य विषयास हात घालण्यापूर्वीं एका शालेय सहलीची हकीकत सांगण्याची मला परवानगी असावी. कारण आजचा विषय मला तेथेंच सांपडला. आमच्या उपनगरांतील शाळेचीं चाळीस-पंचेचाळीस मुलें घेऊन मी एकदां कार्ल्याच्या लेण्यास गेलों होतों. महाचैत्याच्या खांबांच्या रांगेंतून चालतां चालतां, कोणता खांब कोणीं दिला हें हातांतल्या टिपणावरून मी मुलांना वाचून दाखवीत होतों. एका खांबापाशीं मीं वाचलें कीं, धेनुकाकट येथील यवन सिंहध्वज याचें हें दान आहे. तेव्हां मागच्या रांगेंतून एका मुलानें विचारलें, “सर, यवन म्हणजे मुसलमान ना?” मी मास्तरी तत्परतेनें म्हणालों, “नाहीं रे, मुसलमानी धर्माचा उदय होण्यास त्या वेळीं पांचशें वर्षें अवकाश होता. येथें यवन म्हणजे ग्रीक.” मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “पण सर, ग्रीक माणसाचें नांव सिंहध्वज कसें?”

वेळ थोडा होता, खालीं बस खोळंबली होती, आणि खरें सांगावयाचें तर मजजवळ उत्तर नव्हतें. “पुढें पहा,” असें म्हणून मीं त्याला दुसऱ्या खांबाकडे वळविलें. थोड्या अंतरावर आणखी एका यवनाचा खांब लागला, आणि त्याचें नांव निघालें धर्म! मुलानें माझ्याकडे पाहिलें. मीं टिपणाकडे पाहिलें.

सेवानिवृत्तीनंतर ज्या गोष्टींचा पिच्छा पुरवावयाचा असें मीं ठरविलें होतें, त्यांत हा प्रश्न अग्रभागीं होता. त्याचें जेवढें उत्तर माझ्या हातीं लागलें आहे, तेवढें आज आपणांपुढें ठेवितों.

प्रथम ‘यवन’ ह्या शब्दाचा प्रवास पाहूं. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नांवाचा ग्रीक वस्तीचा मुलूख होता. इराणच्या सम्राटांनीं तो जिंकला तेव्हां तेथील लोकांस ते ‘यौन’ म्हणूं लागले, आणि इराणांतून तें नांव आपल्याकडे आलें. प्राकृतांत तें ‘योन’ झालें, संस्कृतांत ‘यवन’. पाणिनीच्या सूत्रांत हा शब्द आलेला आहे. आणि त्यापासून बनलेलें ‘यवनानी’ हें रूप यवनांच्या लिपीचें वाचक आहे, असें कात्यायनानें सांगून ठेविलें आहे. पुढें पश्चिमेकडून जो जो परका आला, अरब आला, तुर्क आला, त्या प्रत्येकाच्या अंगावर हाच जुना अंगरखा चढविण्यांत आला. आपल्या बखरींतून आणि पोवाड्यांतून भेटणारा यवन तो हा. शब्द तोच राहिला, आंतला माणूस बदलला. तेव्हां त्या मुलाचा पहिला प्रश्न कांहीं खुळा नव्हता. हजार वर्षांची भाषा त्याच्या तोंडून बोलत होती.

जुन्या यवनांविषयीं आपल्या पूर्वजांचें मत एकच एक नव्हतें. पतंजलीच्या महाभाष्यांत यवनांनीं साकेत व मध्यमिका ह्या नगरांस वेढा घातल्याचीं उदाहरणें येतात. म्हणजे यवन हा शत्रु. त्याच ग्रंथांत दुसऱ्या एका ठिकाणीं, कोणाचें जेवलेलें भांडें घासून पुन्हा वापरतां येतें आणि कोणाचें टाकून द्यावें लागतें, ह्या चर्चेंत शक आणि यवन हे भांडें न टाकण्याच्या गटांत बसविलेले आहेत. म्हणजे यवन हा पंक्तीच्या कडेला कां होईना, पण बसूं दिलेला पाहुणा. मनुस्मृति त्यांना क्रियालोपामुळें पतित झालेले क्षत्रिय ठरविते. आणि सहाव्या शतकांतील वराहमिहिर तर म्हणतो कीं, यवन म्लेंच्छ असले तरी ज्योतिषशास्त्र त्यांच्या ठिकाणीं चांगलें प्रस्थापित झालेलें आहे, म्हणून ऋषींप्रमाणें त्यांचाही मान होतो. हा नुसता औपचारिक गौरव नव्हे. ‘केंद्र’ आणि ‘होरा’ हे शब्द ग्रीक आहेत. ‘दाम’ हा ग्रीक द्राख्मा, द्रम्म होऊन आलेला. ‘सुरुंग’ ग्रीक, आणि ‘कलम’ हा अरबस्तानाच्या वाटेनें आलेला तोच. दाम मोजून कलमानें पावती लिहिणाऱ्या वाण्यास आपण दोन यवनांस कामास लाविलें आहे याची कल्पना नसते, हें एका परीनें बरेंच आहे.

आतां महाराष्ट्रांतील यवनांकडे वळूं. त्यांपैकीं ज्याचें नांव सर्वांत आधीं ऐकूं येतें तो व्यापारी नसून भिक्षु आहे. सिंहलद्वीपाच्या महावंस ग्रंथांत अशी कथा आहे कीं, पाटलिपुत्र येथील धर्मसंगीति संपल्यावर निरनिराळ्या देशांत धर्मोपदेशक पाठविण्यांत आले. त्यांत अपरांतास, म्हणजे आपल्या उत्तर कोंकणास, जो पाठविला गेला तो योन धम्मरक्खित, अर्थात् यवन धर्मरक्षित. कोंकणांतील माणसांना बुद्धाचा उपदेश सांगावयास ग्रीक मनुष्य निवडावा, ही निवड विचित्र वाटते खरी. पण अपरांताची राजधानी शूर्पारक हें बंदर होतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचें तितकें नवल वाटत नाहीं. बंदरांतील लोकांस परदेशी चेहऱ्याचें काय कौतुक? शूर्पारक म्हणजे आपल्या पश्चिम रेल्वेवरचें नालासोपारा. तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं स्तूप उकलला, आणि त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा तेथें मिळाला. नवव्या शासनाचा तुकडा पुढें १९५६ मध्यें जवळच्याच भुईगांवीं सांपडला. कथेतील राजाच्या आज्ञा त्या बंदरांत खरोखर कोरल्या गेल्या होत्या, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें.

परंतु आजच्या भाषणाचा नायक धर्मरक्षित नव्हे. त्यासाठीं आपणांस नाशिकास जावें लागेल. नाशिकजवळच्या ज्या डोंगरास आपण पांडवलेणीं म्हणतों, त्याचें प्राचीन नांव त्रिरश्मि, प्राकृतांत ‘तिरण्हु’. सुमारें दोनशें पायऱ्या चढून गेलें कीं, चोवीस लेण्यांची रांग लागते. त्यांतील सतराव्या लेण्याच्या ओसरींत एक छोटा लेख आहे. त्याचा आशय असा, कीं औत्तराह, म्हणजे उत्तरेकडील, दत्तामित्री येथील रहिवासी योनक धर्मदेव याचा पुत्र इंद्राग्निदत्त यानें तिरण्हु पर्वतांत हें लेणें खोदविलें, त्यांत चैत्यगृह केलें, पाण्याचीं टांकीं केलीं, तें आपल्या मातापित्यांच्या पुण्यार्थ करविलें, आणि आपला पुत्र धर्मरक्षित याच्यासह तें सर्व दिशांच्या भिक्षुसंघास अर्पण केलें.

हा लेख मीं प्रथम वाचला तेव्हां कार्ल्याचा तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला. येथें एका यवन घराण्याच्या तीन पिढ्या एका दमांत सांगितलेल्या आहेत. आजा धर्मदेव, बाप इंद्राग्निदत्त, नातू धर्मरक्षित. तिन्ही नांवें अस्सल आर्यावर्तांतील. त्यांतलें मधलें तर इंद्र आणि अग्नि ह्या दोन वैदिक देवांनीं दिलेला असें सांगणारें, आणि तें धारण करणारा बौद्ध संघास लेणें देतो! आणि इतकें असूनही तो स्वतःस योनक म्हणवितो. तें लपवीत नाहीं, उलट दगडांत कोरवितो.

दत्तामित्री हें नगर कोणतें? डिमेट्रियस नांवाचा बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभीं हिंदुकुश ओलांडून दक्षिणेस उतरला. त्याच्या नांवावरून वसलेलें नगर डिमेट्रियास, आणि त्याचेंच आपल्या जिभेवर बसलेलें रूप दत्तामित्री, असें विद्वान् मानतात. संस्कृत वैयाकरणांच्या परंपरेंत सौवीर देशांत, म्हणजे सिंधूच्या खालच्या खोऱ्यांत, ह्या नांवाचें नगर आढळतें. तर चॅरॅक्सचा इसिडोर हा ग्रीक लेखक पार्थियाच्या मार्गांचें वर्णन करतांना अराकोशियांत, म्हणजे कंदाहारच्या बाजूस, एक डिमेट्रियास सांगतो. दोन्ही पक्षांस पुरस्कर्ते आहेत. मला स्वतःस सिंधूकडचा पक्ष जवळचा वाटतो. कारण सिंधूच्या मुखापासून भडोच व शूर्पारक हा जलमार्ग सरळ आहे, आणि शूर्पारकाहून नाशिक कांहीं दूर नाहीं. पण नगर कोठलेंही असो, तें ग्रीक राजाच्या नांवानें वसलें आणि त्याचा नागरिक, ग्रीक सत्ता तेथून नाहींशी झाल्यावर कित्येक पिढ्यांनीं, सह्याद्रीच्या एका डोंगरावर त्या नगराचें नांव अभिमानानें घालतो, एवढें निश्चित आहे.

अशा नगरांतील माणसें कशीं असत याचा एक नमुना कंदाहार येथेंच अलीकडे हातीं आला आहे. १९५८ मध्यें कंदाहार येथें अशोकाची एक आज्ञा ग्रीक आणि अरमाईक अशा दोन भाषांत कोरलेली सांपडली. तींत ‘धम्म’ या शब्दास ग्रीकांतील देवभक्तीचा शब्द योजिला आहे. म्हणजे ग्रीक वाचणारी प्रजा तेथें होती. त्याच नगरींतील म्हणून समजला जाणारा आणखी एक ग्रीक लेख २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. तो सोफितोस नांवाच्या मनुष्याचा आहे. आपलें पिढीजात घर दैवानें कसें धुळीस मिळालें, मग कर्ज काढून आपण परदेशीं व्यापारास कसे गेलों, पुष्कळ वर्षांनीं धन मिळवून परत कसे आलों, आणि पूर्वजांची पडकी समाधि पुन्हा कशी बांधली, ही हकीकत त्यानें शुद्ध, नटव्या ग्रीक पद्यांत लिहिली आहे. इतकेंच नव्हे, तर ओळींच्या आद्याक्षरांत स्वतःचें व बापाचें नांव गुंफिलें आहे. आणि बापाचें नांव नारातोस! भाषापंडितांच्या मतें हीं दोन नांवें म्हणजे सुभूति आणि नारद. कंदाहारांत नारदाचा मुलगा ग्रीक पद्य रचतो, आणि नाशिकांत धर्मदेवाचा योनक मुलगा प्राकृत लेख कोरवितो. एकाचें नांव भारतीय आणि वाणी ग्रीक; दुसऱ्याचें नांव भारतीय, वाणी भारतीय, आणि फक्त ‘योनक’ हा एक शब्द उरलेला. नांवावरून माणूस ओळखावयास निघालेल्यांनीं ह्या दोघांस शेजारी शेजारी बसवून पाहावें.

महाराष्ट्रांतील बाकीचे यवन थोडक्यांत सांगतों. जुन्नरच्या लेण्यांत तिघे आहेत. गत येथील यवन इरिल यानें दोन टांकीं दिलीं, गत येथीलच यवन चित यानें संघास भोजनमंडप दिला, आणि चंद नांवाच्या यवनानें लेण्याच्या दर्शनी भागाचें काम करून दिलें. कार्ल्यास सिंहध्वज व धर्म यांच्याखेरीज यशोवर्धन आणि चुल्लयक्ष हे धेनुकाकटचेच यवन आहेत, आणि उमेहनाकट येथून आलेला आणखी एक आहे. हें धेनुकाकट कोठें होतें यावर विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं तें कार्ल्याच्या आसपासच असावें आणि तेथें ग्रीक व्यापाऱ्यांची वसाहत असावी असें प्रतिपादन केलें. इतरांनीं तें समुद्रकांठीं किंवा पार आंध्रांत नेलें. मला त्या गांवाच्या जागेपेक्षां तेथील वस्तीचें अधिक नवल वाटतें. कार्ल्यासच धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यें विकणारा सिंहदत्त आहे, दरवाज्याचें काम करणारा स्वामी नांवाचा सुतार आहे, वाण्यांचा समुदाय आहे; आणि शेलारवाडीच्या लेण्यांत त्याच गांवच्या नांगरधारी कुटुंबिकाची बायको दान देते. म्हणजे गंधी, सुतार, वाणी, शेतकरी आणि यवन हे एका गांवचे गांवकरी होते, आणि एका देवस्थानाच्या वर्गणींत आपापल्या ऐपतीप्रमाणें त्यांनीं भाग घेतला होता. यवनानें दिलेला खांब इतर खांबांहून वेगळा घडविलेला नाहीं. कार्ल्याच्या सदतीस खांबांत तो नांव वाचल्यावांचून ओळखतां येत नाहीं.

हे झाले वस्ती करून राहिलेले यवन. आतां दरसाल येऊन जाणाऱ्यांकडे पाहूं. आणि येथें आपल्या उपनगरांचा संबंध येतो. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीक खलाशानें किंवा व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहितीवही लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. लेखकानें स्वतःचें नांव दिलेलें नाहीं. पण मालाची यादी देण्यांत त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाहीं. जुलै महिन्याच्या सुमारास मिसरहून निघावें, मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडावा, आणि भडोचला यावें. येतांना आणावयाचा माल म्हणजे मद्य, त्यांतही इटलीचें पसंतीचें, तांबें, कथील, शिसें, पोंवळें, कांच, सुरमा, आणि सोन्यारुप्याचीं नाणीं. राजाकरितां रुप्याचीं भांडीं, उंची मद्य, गाणारीं मुलें आणि अंतःपुरासाठीं सुंदर मुली. ही शेवटची बाब यादींतल्या इतर जिनसांच्या ओळींत, काडीचाही संकोच न करतां लिहिलेली आहे. नेतांना घ्यावयाचा माल म्हणजे हस्तिदंत, अकीक, सुती कापड, रेशीम, पिंपळी. पैठणहून गोमेदासारखे दगड, आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेरहून, जाडेंभरडें कापड व मलमल हें सारें बैलगाड्यांवर लादून, मार्ग नसलेल्या मुलखांतून भडोचला येत असे. भडोचच्या बाजारांत अपोलोडोटस आणि मिनांडर ह्या जुन्या यवन राजांचीं ग्रीक अक्षरांचीं नाणीं अजून चालतात, असेंही तो नोंदवितो. ह्या व्यापारापायीं हिंदुस्थान दरवर्षी रोमच्या साम्राज्यांतून पांच कोटी सेस्टर्स शोषून घेतो, अशी प्लिनीनें त्याच शतकांत तक्रार केली आहे. तींतली रक्कम बरोबर असो वा नसो, तक्रारीचा सूर कोणत्याही काळच्या खजिनदाराचा आहे.

ह्या ग्रंथाच्या बावन्नाव्या कलमांत कल्याणचें नांव येतें. ग्रीक त्यास ‘कल्लिएना’ म्हणतो. थोरल्या सारगानुसाच्या, म्हणजे बहुधा कोणा सातकर्णीच्या, कारकीर्दींत हें कायदेशीर व्यापाराचें बंदर होतें. पण संदानेस याच्या ताब्यांत गेल्यापासून तेथील व्यापार फार अडविला गेला आहे, आणि एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें लागलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येतें, असें तो सांगतो. दोन ओळींची ही नोंद आहे, पण तिच्या मागें एक मोठें युद्ध आहे. भडोच क्षहरात वंशाच्या नहपानाच्या हातीं होतें, दख्खन सातवाहनांची होती, आणि मधल्या कोंकणपट्टीवर व तेथील जकातीवर दोघांचाही डोळा होता. संदानेस हा सातवाहनच कीं त्यांचा प्रतिपक्षी, ह्याविषयीं मतभेद आहेत. पण भडोचच्या फायद्यासाठीं कल्याणची कोंडी झाली होती हें मजकुरावरून उघड आहे.

मुलुंड-घाटकोपरच्या श्रोत्यांनीं येथें जरा आपल्या पूर्वेच्या खिडकींतून पाहावें. कल्याणला समुद्रांतून जावयाच्या वाटा दोन. एक साष्टीच्या उत्तरेकडून, वसईच्या खाडीनें, घोडबंदरावरून; दुसरी मुंबईच्या बंदरांतून, घाटकोपर-मुलुंडच्या पूर्वेस असलेल्या ठाण्याच्या खाडीनें. पहारा बसवून परत फिरविलेलें ग्रीक गलबत ह्या दोहोंपैकीं एका वाटेनेंच आलें-गेलें असणार. आज आपण त्या खाडीकडे पाठ करून गाडी पकडतों, आणि ती आठवते ती फ्लेमिंगो पक्षी आले म्हणजे.

आणि हें बंदर कायमचें मेलें नाहीं. बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. त्यांच्या लेखांत कल्याणचे व्यापारी पुन्हा पुन्हा भेटतात, शूर्पारक, नाशिक, चेमुल म्हणजे चौल येथलेही भेटतात, आणि एक दान धेनुकाकटच्या गृहस्थाचेंही आहे. तेथील मोठा चैत्य गजसेन आणि गजमित्र ह्या व्यापारी भावांनीं करविला. एका टांक्यावरील लेखांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही महाक्षत्रप रुद्र याची कन्या असल्याचें म्हटलें आहे. म्हणजे ज्या शकांशीं लढाया झाल्या त्यांचीच मुलगी सातवाहनांच्या घरीं सून होऊन आली. इतिहासाच्या पुस्तकांत आपण लढाईला पान देतों आणि लग्नाला ओळ.

आतां पुन्हा नाशिकच्या त्या डोंगरावर येऊं, कारण खरी अडचण तेथें आहे. सतराव्या लेण्यांत योनक इंद्राग्निदत्ताचें दान आहे हें सांगितलें. त्याच रांगेंत तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री ह्या वृद्ध राजमातेचा, नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षीं कोरलेला, सुप्रसिद्ध लेख आहे. त्यांत तिनें आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम सांगितले आहेत. आणि त्यांत तो शक, यवन व पल्हव यांचा संहार करणारा आणि क्षहरात वंश निर्मूल करणारा होता असें म्हटलें आहे. ही फुशारकी पोकळ नव्हे. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांचा सांठा सांपडला. तीं नहपानाचीं नाणीं होतीं, आणि त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा मारलेला होता. मौज अशी कीं, नहपान जातीनें शक, पण त्याच्या नाण्यावर त्याचें नांव ब्राह्मी व खरोष्ठी यांच्या बरोबर ग्रीक अक्षरांतही घातलेलें आहे. तेव्हां सातकर्णीचा हातोडा अक्षरशः यवन अक्षरांवर पडला.

तिसऱ्या आणि सतराव्या लेण्यांच्या मध्यें, दहाव्या लेण्यांत, त्याच नहपानाच्या जांवयाचा, उषवदाताचा, लेख आहे. हा शक दीनीकाचा मुलगा. त्यानें ब्राह्मणांस तीन लक्ष गाई दिल्या, भडोच, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा बांधल्या, दमण, तापी, डहाणू वगैरे नद्यांवर फुकट उतार देणाऱ्या होड्या ठेविल्या, आणि गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण व्याजीं ठेवून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय केली. म्हणजे एकाच डोंगरावर, चारपांच मिनिटांच्या चालण्यांत, परक्यांचा संहार केल्याचा गौरव वाचावयास मिळतो, एका परक्याचा अवाढव्य दानधर्म वाचावयास मिळतो, आणि दुसऱ्या परक्याची आईबापांविषयींची कृतज्ञता वाचावयास मिळते. तिन्ही दानें एकाच भिक्षुसंघास. संघानें राजमातेचा लेख आला म्हणून योनकाचा लेख खरवडून काढला नाहीं, आणि योनकाच्या भिडेनें राजमातेच्या लेखांतील ‘यवन’ हा शब्दही गाळविला नाहीं.

ह्याचा अर्थ कसा लावावयाचा? एक मत असें, कीं लेण्यांतील हे ‘यवन’ ग्रीक नव्हतेच. ग्रीकांशीं व्यापार करणारे, किंवा उत्तरेच्या यवन मुलखांतून आलेले हिंदी लोक असावेत, म्हणूनच त्यांचीं नांवें अशीं. दुसरें मत असें, कीं ते मूळचे ग्रीक, पण येथें रुळलेले आणि धर्म स्वीकारतांना नांवही स्वीकारलेले. पहिल्या मतास मी पूर्वीं फार वश होतों, कारण त्यामुळें मुलाच्या प्रश्नाची वासलात एका वाक्यांत लागत होती. पण इंद्राग्निदत्ताच्या लेखानें तें मला सोडावें लागलें. नुसता यवन मुलखांत राहून आलेला मनुष्य स्वतःस दत्तामित्रीचा व उत्तरेचा म्हणेल तेवढ्यावर थांबेल. गांव सांगून झाल्यावर पुन्हा ‘योनक’ हा शब्द वेगळा घालण्याचें त्यास प्रयोजन नव्हतें. माळव्यांतील बेसनगरचा गरुडध्वज उभारणारा हेलियोडोरस हा तक्षशिलेचा योन राजदूत. तो वासुदेवाचा भक्त झाला तरी त्यानें आपलें व बापाचें नांव ग्रीकच ठेविलें. तो पहिल्या पिढीचा माणूस, दरबारांतला. इंद्राग्निदत्ताच्या घरीं तर बापाचेंही नांव धर्मदेव. ज्या वेळीं घरांत ग्रीक नांव उरलें नाहीं, ग्रीक लिपि उरली नाहीं, ग्रीक देव उरले नाहींत, त्या वेळींही आपण कोण हें सांगण्यासाठीं तो एक शब्द उरला होता. आपल्या ह्या मुंबईंत दोनतीन पिढ्या राहून, घरीं दारीं दुसरीच भाषा बोलूं लागलेलीं, आणि तरीही विचारल्यास आपल्या मूळ गांवाचें नांव आधीं सांगणारीं कुटुंबें कोणाच्या शेजारीं नाहींत? माझ्या वर्गांतील हजेरीपटावर तीं दरवर्षीं असत.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षें मी वर्गांत गौतमीपुत्राची ती बिरुदावली मोठ्या आवेशानें शिकवीत आलों. मुलें ती पाठ करीत आणि परीक्षेंत लिहीत. सतराव्या लेण्याचा लेख मात्र मीं एकदांही शिकविला नाहीं, कारण तो पुस्तकांत नव्हता आणि मला स्वतःला ठाऊक नव्हता. बिरुदावली खोटी नव्हती. पण तिसरें लेणें पाहून परत फिरलेल्या प्रवाशाप्रमाणें माझी सहल अर्धी राहिली, आणि माझ्याबरोबर कित्येक वर्गांचीही.

सेवानिवृत्तीनंतर मी त्या डोंगरावर जाऊन आलों. सतराव्या लेण्यांत आंत गेलें म्हणजे दिसतें कीं, लेखांत चैत्यगृहाचा उल्लेख असला तरी मागच्या गाभाऱ्याचें काम अपुरें राहिलेलें आहे. पैसा संपला, युद्ध आलें, कीं इंद्राग्निदत्त परत उत्तरेस गेला, हें तो दगड सांगत नाहीं. आपणांपैकीं जे कोणी नाशिकास जातील त्यांनीं तिसऱ्या लेण्यांतील राजमातेचा लेख अवश्य पाहावा, आणि पायऱ्यांकडे वळण्यापूर्वीं रांगेनें आणखी थोडें पुढें चालत जावें. सतरावें लेणें ओळखण्यास कठीण नाहीं. लेख ओसरीच्या भिंतीवर आहे.